पंख्याचं विमान म्हणजे जुनं विमान? मराठवाड्यानं हा गैरसमज आता सोडावा

देवणीच्या एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला बिदर आणि वरच्या अंगाला नांदेड. तिन्हीकडे धावपट्टी आहे. त्यामुळे विमानसेवेची बातमी आली की आपल्याकडे चर्चा रंगतेच. त्या चर्चेत एक प्रश्न हमखास असतो : 'मोठं विमान येणार की पंख्याचं?' पंख्याचं म्हटलं की चेहरे पडतात. जुनाट विमान आपल्या माथी मारलं, असं वाटतं. माझं मत उलट आहे. आपल्या अंतरांसाठी पंख्याचंच विमान योग्य आहे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : त्याची देखभाल कोण करणार?

आधी थोडा इतिहास
27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेतल्या पहिल्या विमानांना पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. त्यात नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. ट्रूजेट कंपनीचं एटीआर 72 हे विमान तिथं उडायचं. फेब्रुवारी 2020 मध्ये बिदरहून बंगळुरूला प्रवासी सेवा सुरू झाली, तीही याच कंपनीच्या एटीआरनं. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि सेवा थांबली. दोष पंख्याचा नव्हता.

पंखा विमान ओढतो कसा?
घरातला पंखा हवा खाली ढकलतो. विमानाचा पंखा हवा मागे ढकलतो, म्हणून विमान पुढे जातं. त्याचं प्रत्येक पातं म्हणजे विमानाचा छोटा पंखच असतो, फक्त गोल फिरणारा. पातं नीट पाहिलं तर ते पिळलेलं दिसतं. कारण सोपं आहे. मध्याजवळचा भाग हळू फिरतो, टोक फार वेगानं फिरतं. दोन्हीकडे हवा योग्य कोनात कापली जावी म्हणून हा पीळ.

एटीआर 72 ला एका बाजूला सहा पाती असतात आणि पंख्याचा व्यास जवळपास 4 मीटर असतो. उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला साधारण 1,200 फेरे घेतो. गणित करून पाहा : टोकाचा वेग ताशी 890 किलोमीटरच्या घरात जातो. याहून फार जोरात फिरवला तर टोकाशी ध्वनीचा वेग गाठला जातो, आवाज वाढतो आणि ताकद वाया जाते. म्हणून आतलं टर्बाइन कितीही वेगानं फिरलं तरी मध्ये गिअरबॉक्स बसवून पंख्याचा वेग कमी केला जातो.

आणि हो, आत टर्बाइनच असतं. म्हणजे इंजिनाचं तत्त्व जेटचंच. मोठ्या प्रवासी जेटच्या इंजिनातही पुढे पंखा असतो, फक्त तो वेष्टणात झाकलेला असतो.

पात्यांचा कोन बदलतो
सायकलला चढावर एक गिअर आणि सपाटीला दुसरा लागतो, तसंच इथं आहे. गव्हर्नर नावाचं यंत्र तेलाच्या दाबानं पात्यांचा कोन बदलत राहतं आणि फेरे ठरलेल्या वेगावर ठेवतं. इंजिन बंद पडलं तर पाती वाऱ्याच्या दिशेनं कडेवर उभी करतात, म्हणजे ती वारा अडवत नाहीत. याला 'फेदर' करणं म्हणतात.

हे किती महत्त्वाचं आहे, ते दोन अपघातांवरून कळतं. 15 जानेवारी 2023 रोजी नेपाळमध्ये पोखरा इथं एटीआर 72 कोसळून 72 जण गेले. चुकीचे लिव्हर ओढले गेल्यानं दोन्ही पंखे फेदर झाले होते आणि विमानाला ओढ उरली नव्हती. 7 डिसेंबर 2016 रोजी पाकिस्तानात एटीआर 42 कोसळून 47 जण गेले. तिथं टर्बाइनचं एक पातं तुटलं होतं आणि गव्हर्नरमधली एक पिन मोडलेली सापडली. तपासात बोट देखभालीकडे गेलं.

देखभाल म्हणजे काय?
धावपट्टीवरचा बारीक खडा उडून पात्याच्या कडेला लागतो आणि छोटा खाच पडतो. धातूच्या पात्यावर सगळा ताण त्या खाचेशी गोळा होतो आणि तिथून तडा सुरू होतो. म्हणून ठरलेल्या मर्यादेत तो घासून गुळगुळीत करतात. मर्यादा ओलांडली की पातं बदलावं लागतं. कॉम्पोझिट पातं हलकेच वाजवून बघतात. मडकं घेताना आपण वाजवून बघतो, तसंच. आवाज बद्द आला तर आतले थर सुटले असण्याची शंका येते.

याशिवाय वंगण, तेलाची गळती, वीज पडल्याच्या खुणा आणि तोल पाहतात. ठरावीक तास किंवा वर्षं भरली की पंखा उतरवून पूर्ण खोलतात. प्रत्येक कामाची नोंद होते आणि त्याखाली परवानाधारक अभियंत्याची सही लागते.

मग आपल्यासाठी योग्य काय?
नांदेड ते हैदराबाद हवाई अंतर सुमारे 245 किलोमीटर. एवढ्यात जेट उंची गाठतं न गाठतं तोच उतरायची तयारी सुरू होते. वेळेचा फरक दहा-पंधरा मिनिटांचा, इंधनाचा मात्र मोठा. पूर्ण भरलेल्या एटीआर 72 ला उड्डाणासाठी साधारण 1,300 मीटर धावपट्टी पुरते. तोटेही आहेत. आवाज आणि थरथर जास्त, वेग कमी, आणि कमी उंचीवरून जात असल्यानं पावसाळ्यात धक्के बसतात. पण तिकीट परवडलं आणि सेवा टिकली, तर हैदराबादला उपचाराला किंवा परीक्षेला निघालेला माणूस हे धक्के सोसेल.

म्हणून पुढच्या वेळी विमानसेवेची घोषणा झाली की लोकप्रतिनिधींना तीन प्रश्न विचारा. विमानाची तपासणी कुठं होणार? बिघाड झाला तर अभियंता आणि सुटे भाग किती वेळात येणार? आणि या कामाचं प्रशिक्षण लातूर-नांदेडच्या पोरांना कुठं मिळणार? ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र खोलून जोडणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना डीजीसीएच्या परवान्यापर्यंत नेणारा रस्ता मात्र घराजवळ हवा. 'मोठं विमान द्या' या मागणीपेक्षा ही मागणी जास्त दिवस उपयोगी पडेल.