तेरावे पान

भविष्य सांगण्यासाठी मांडल्या जाणाऱ्या टॅरोच्या अठ्ठ्याहत्तर पानांमध्ये तेराव्या क्रमांकाचे पान मृत्यूचे आहे. ते निघाले की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि पाने मांडणारा घाईने सांगू लागतो: घाबरू नका, हे मरण नव्हे, हा बदल आहे, जुने संपेल, नवे सुरू होईल. शहरांतला हा व्यवसाय आता मोबाइलच्या पडद्यावरून कोकणातल्या घरांतही येतो आहे. घाबरलेल्याला धीर द्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हे उत्तर मला चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे हे त्या पानावरचे चित्रच सांगते.

हे चित्र पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढले. १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला तिचा संच आज जगभर सर्वाधिक वापरला जातो. काळे चिलखत घातलेला हाडांचा सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसला आहे. हातात काळे निशाण, त्यावर पांढरा गुलाब. घोड्याच्या पायाशी राजा मरून पडला आहे, मुकुट बाजूला घरंगळला आहे. सोनेरी झग्यातला धर्मगुरू हात जोडून उभा आहे. तरुणीने तोंड फिरवले आहे. एकटे लहान मूल वर मान करून त्या स्वाराकडे सरळ पाहते आहे. मागे नदी, नदीत होडी, आणि दूरवर दोन बुरुजांच्या मधे सूर्य. घोडा कोणासाठी थांबलेला नाही. चित्रकर्तीने सगळे सांगून टाकले आहे: इथे माणसे मरतात, राजा मरतो, प्रार्थना करणाऱ्यालाही सूट नाही, आणि सूर्य मात्र आपल्या जागी आहे. सूर्य तेवढा उचलायचा आणि मेलेला राजा झाकून ठेवायचा, हे चित्र वाचणे नव्हे.

चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्यात सह्याद्री शिक्षण संस्थेचे चित्रकलेचे महाविद्यालय आहे. चित्रात कोण कुठे उभे आहे, कोणाची नजर कुठे जाते, मोकळी जागा कशासाठी ठेवली आहे, हे पाहायला तिथली मुले शिकतात. हे पान त्यांच्यापुढे ठेवावे असे मला मनापासून वाटते. भविष्य म्हणून नव्हे, अभ्यासाचे चित्र म्हणून. ज्या बाईने हे काढले तिला त्या कामाचे मोल फार थोडे मिळाले आणि १९५१ साली ती हलाखीतच गेली, हेही त्यांना सांगावे. तिच्या चित्रांवर आज किती लोक पैसा मिळवतात!

भविष्याचा भाग मुळात उशिराच चिकटला आहे. ही पाने पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी निघाली, आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा खेळासाठी रंगवली जाई तशीच. मिलानच्या सरदारघराण्यासाठी रंगवलेल्या जुन्या संचात मृत्यूच्या हाती धनुष्य आहे. फ्रान्समधल्या मार्सेय पद्धतीच्या पानांवर तो लांब दांड्याच्या कोयत्याने माणसांची पिके कापतो, आणि बाकीच्या पानांवर नाव छापलेले असताना या पानावर बहुधा नावच नसे. प्लेगने वारंवार ओस पडणाऱ्या मुलुखातल्या लोकांना हे चित्र समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ याने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान असल्याचे छापले. त्याला आधार काहीच नव्हता, पण भविष्य सांगणाऱ्यांना तेवढे पुरले.

आपल्या कोकणालाही देवाला विचारण्याची रीत नवी नाही. गावोगाव ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीवर कळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि कळी उजवी पडते की डावी यावरून गाव आपले ठरवते. त्यावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तिथे सगळे गाव हजर असते आणि काम कोणते करायचे हे उघड्यावर ठरते. एकट्या, घाबरलेल्या माणसाला बंद खोलीत पैसे घेऊन गोड बोलणे निराळे.

मरणाशी कसे वागावे हे आपल्याकडे दहाव्याला दिसते. नदीकाठी पिंड ठेवलेला असतो, कावळा येत नाही. तेव्हा घरचा कर्ता हात जोडून मोठ्याने बोलतो: आईला सांभाळीन, धाकट्याचे शिक्षण पुरे करीन, बहिणीला अंतर देणार नाही. कावळा शिवणे म्हणजे काय यावर वाद घाला हवा तर, मीही घालीन. पण त्या क्षणी चारचौघांसमोर गेलेल्याला गेलेला म्हटले जाते आणि मागे राहिलेला आपल्या अंगावर काय आले ते नाव घेऊन कबूल करतो. ‘बदल’ म्हणणाऱ्या, पाने मांडणाऱ्याच्या बोलण्यात ही कबुली येतच नाही. कोण गेले, का गेले, आता कोणी काय करायचे, सगळेच पुसून जाते.

आजारपणात तर हे थेट घातक आहे. वडील वाचतील का, हा प्रश्न सावर्डे परिसरातल्या माणसाने पानांपुढे नेण्याचे कारण नाही. जवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तिथला डॉक्टर तपासून बोलेल, आणि वेळ आली तर वाईट बातमीही सांगेल. ती ऐकण्याचा घरच्यांना हक्क आहे: निरोप घ्यायला, कागदपत्रे करायला, लांबच्या मुलाला बोलावून घ्यायला. ‘नवी सुरुवात होईल’ या वाक्यात ते दिवस निघून जातात आणि परत मिळत नाहीत.

मरण गोड करून सांगायची ही खोड पानांपुरतीच नाही, म्हणूनच तिची काळजी वाटते. याच चिपळूण तालुक्यात २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. धरण फुटल्यावर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की धरण खेकड्यांनी पोखरले. मेलेल्यांच्या घरच्यांना तेव्हा नशिबाच्याही गोष्टी ऐकाव्या लागल्या असतील. भेंदवाडीतल्या माणसापुढे तेरावे पान ठेवून ‘हा बदल आहे’ असे कोणी म्हणून पाहावे. त्याला विचारायचे आहे ते वेगळेच: बांध कोणी बांधला, गळती कोणी पाहिली, तक्रारीचा कागद कोणाच्या टेबलावर थांबला आणि त्याचे पुढे काय झाले.