मोतीला समुद्र दाखवायचा तर

कापडे गावातल्या ओट्यावर झोपणारा आमचा कुत्रा मोती घरच्यांमागे कुठेही निघेल. खाली सावित्री महाडवरून बाणकोटला समुद्राला मिळते. पण शिडाच्या बोटीतून त्याला परदेशी न्यायचं म्हटलं, तर वाट अवघड. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणेला गेले, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला आणि न्यूझीलंडमधल्या लिटलटनला थांबले. दोन्ही देश रेबीजमुक्त. भारतातून थेट आलेल्या मोतीला तिथे किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नसता. हा जाच नव्हे. रेबीजने माणसं दगावलेली आपण पाहतो, त्यामुळे त्या देशांची ही धास्ती मला मनापासून पटते.

ब्रिटनला जायचं, तर रेबीजच्या लशीनंतर तीस दिवसांनी रक्ततपासणी, पुढे तीन महिने थांबणं. तेही खासगी बोटीने नाहीच. आणि तांदळाच्या दाण्याएवढी ओळखीची चिप लशीआधीच बसवायची. क्रम चुकला, की ती लस धरत नाहीत.