सुईवांचून लस

सुई दिसतांच तान्हें बाळ आक्रंदन करतें आणि आजीचा जीव कळवळतो. “हा महिना जाऊं द्या,” असें ती म्हणते. ह्या भयावर विज्ञानानें एक उपाय शोधिला आहे. लहानशा पट्टीवर मिलिमीटराहूनहि आंखूड असे सूक्ष्म कंटक असतात. पट्टी मनगटावर पांच मिनिटें ठेविली कीं त्यांतील कोरडी लस त्वचेंत विरघळते. पश्चिम आफ्रिकेंतील गांबिया देशांत गोवर व रुबेला ह्यांवरील अशा पट्टीची परीक्षा झाली. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकाच मात्रेनें नऊ-दहा महिन्यांच्या शेंकडा ९० हून अधिक बालकांस गोवरापासून संरक्षण लाभलें.

परंतु वेदना टळते, हा तिचा गौण गुण होय. आजची लस २ ते ८ अंशांच्या शीततेंत न्यावी लागते व कालविल्यावर सहा तासांच्या आंत टोंचावी लागते. जेथें बर्फ आणि कुशल हात पोहोंचत नाहींत, तेथें पट्टी पोहोंचावी, ही खरी आशा.

मात्र नित्याच्या लसीकरणांत ती अद्यापि आलेली नाहीं, आणि गोवर तिच्यासाठीं थांबणार नाहीं. आजीनें नातवाचे अश्रू अवश्य पुसावेत. लसीची तिथि मात्र चुकवूं नये.