शीतगृहातील अमोनिया आणि मालकाची नजर

फाल्गुन-चैत्रात तासगाव-सांगली परिसरात नवा बेदाणा शेडवरून उतरू लागतो आणि शीतगृहांच्या फाटकांसमोर मालमोटारींच्या रांगा लागतात. त्याच सुमारास मिरची, चिंच, गूळ यांनाही जागा हवी असते. व्यापारी येतो, चेंबरमध्ये डोकावतो, तापमान विचारतो, भाडे ठरवितो, मालाचा विमा उतरविला आहे ना याची खात्री करून घेतो आणि कार्यालयात चहा घेऊन परततो. मशीनरूमकडे तो सहसा फिरकत नाही. वीजबिल वाढल्याखेरीज खुद्द मालकही तिकडे क्वचितच जातो. तेथील घरघर आणि तो उग्र वास ही जणू ऑपरेटरचीच मालमत्ता, अशी समजूत पेढीवर रूढ झालेली असते.

तो वास अमोनियाचा. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी १८७०च्या दशकात अमोनियाचा कॉम्प्रेसर यशस्वी करून दाखविला. तेव्हापासून मोठ्या शीतगृहांनी आणि बर्फाच्या कारखान्यांनी हा वायू सोडलेला नाही. त्याला कारणेही सबळ आहेत. तो स्वस्त आहे, उष्णता भरपूर उचलतो आणि ओझोनच्या थराला अपाय करीत नाही. इतर शीतकांवर आंतरराष्ट्रीय करारांनी बंधने येत गेली, तसतसे अमोनियाचे स्थान अधिकच पक्के झाले. तेव्हा ‘हा वायूच नको’ असे म्हणून प्रश्न सुटणारा नाही. त्याच्यासोबत राहावयाचे, तर त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे.

साध्या हवेच्या दाबाखाली द्रव अमोनिया उणे ३३ अंशांनाच उकळतो. उन्हाळ्यात रिसीव्हरमध्ये तो द्रवरूपात टिकतो तो केवळ दाबामुळे, आणि हा दाब चौदा-पंधरा किलोपर्यंत जातो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन किलो हवा असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या टाकीतील ताकदीची कल्पना येईल. एक लिटर द्रव निसटला तर त्याचा आठशे लिटरांहून अधिक वायू होतो. वायुरूप अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने तो वर निघून जातो असे सर्रास सांगितले जाते. ते लहान गळतीपुरते खरे आहे. मोठ्या गळतीत द्रवाचे थंडगार तुषार वायूसोबत बाहेर पडतात आणि त्यांचा पांढरा ढग जमिनीलगत सरपटत कुंपणाबाहेर जातो. कुंपणाबाहेर बहुधा हमालांची वस्ती असते किंवा रस्ता असतो.

पाण्याविषयी या वायूला विलक्षण ओढ आहे, आणि माणसाच्या शरीरात ओलावा कोठे असतो ते सांगावयास नको. डोळे, नाक, घसा, फुप्फुसे, घामाने भिजलेली काख आणि जांघ या जागा तो प्रथम गाठतो. तेथे विरघळून त्याचा दाहक क्षार होतो. हळदीच्या व्यापाऱ्याला क्षाराचा गुण ठाऊकच असतो. साबण लागताच हळदीचा डाग लाल होतो, तो याच गुणाने. ओला हळदीचा कागद अमोनियाच्या वाफेतही तसाच लालसर तपकिरी होतो. माल खराब होतो तोही याच रासायनिक कारणाने. लाल कांदा काळपट-हिरवट दिसू लागतो, सफरचंदावर डाग पडतात, अक्रोडासारख्या फळांचा गर काळवंडतो. मालाच्या नुकसानीची चर्चा व्यापारात पुष्कळ होते. फुप्फुसांच्या नुकसानीची त्या मानाने फारच थोडी.

आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग ही मर्यादा कारखाना कायद्याच्या अनुसूचीत दिलेली होती. ३०० भागांपाशी जिवाला तत्काळ धोका मानला जातो. काही हजार भाग असतील तर बाहेर पडण्यास मिनिटेही मिळत नाहीत. बहुतेकांना २५ भागांच्या आतच वास कळतो, म्हणून हा वायू स्वतःच सूचना देतो असे म्हटले जाते. सूचना तो देतो, हे मान्य. परंतु रोज त्याच खोलीत बारा तास काढणाऱ्या माणसाचे नाक या वासाला सरावते आणि नवख्याच्या डोळ्यांत जेथे पाणी येते, तेथे तो निवांत डबा खात बसलेला असतो. सेन्सर आणि भोंगा लागतो तो यासाठी. ‘आमचा ऑपरेटर वीस वर्षांचा अनुभवी आहे’ हे उत्तर त्यामुळे फारसे समाधानकारक नाही.

अनुभवी माणसाकडूनच होणारा एक अपघात येथे सविस्तर सांगितला पाहिजे. कॉम्प्रेसरमधील वंगणाचे तेल थोडे थोडे वायूबरोबर पुढे जाते. अमोनियात ते मिसळत नाही आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्याने टाक्यांच्या तळाशी साचते. ते अधूनमधून खालच्या व्हॉल्व्हमधून काढावे लागते. थंडीने घट्ट झालेले तेल अगदी सावकाश ठिबकते. ऑपरेटर कंटाळतो आणि व्हॉल्व्ह आणखी अर्धा फेरा उघडतो. बादली भरेपर्यंत पलीकडचा पंप पाहून येऊ, असे त्याला वाटते. तेवढ्यात तेल संपते आणि त्यामागचा द्रव अमोनिया पूर्ण दाबाने उसळतो. व्हॉल्व्ह आता त्या पांढऱ्या धुराच्या आत असतो आणि तो बंद करणारा माणूस बाहेर. अमोनियाच्या प्लांटवरील दुर्घटनांत तेल काढतानाच्या घटना वारंवार आढळतात. यावरील उपाय फार जुने आणि स्वस्त आहेत. मुख्य व्हॉल्व्हच्या पुढे, हात सोडताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवावा. तेल थेट टाकीतून न काढता वेगळ्या भांड्यात घेऊन, ते भांडे प्लांटपासून तोडून, त्यातील दाब उतरवून मगच रिकामे करावे. हे काम दोघांनी, दिवसाउजेडी, हातमोजे व डोळ्यांवर बंद चष्मा घालूनच व्हावे. आणि काम संपेपर्यंत व्हॉल्व्हपासून कोणी हलू नये. त्या वेळी मालकाचा फोन आला तरी तो घेऊ नये, हे खुद्द मालकानेच सांगून ठेवलेले बरे.

दुसरी घातक वेळ म्हणजे वीज परत येण्याची. अमेरिकेतील अलाबामा राज्यात थिओडोर येथील शीतगृहात २३ ऑगस्ट २०१० रोजी हेच घडले. सुमारे सात तास वीज गेलेली होती. ती आल्यावर डीफ्रॉस्टच्या मधल्या टप्प्यावर थांबलेली यंत्रणा तशीच पुढे चालविली गेली. कॉइलमधील गरम वायू आणि थंड द्रव एकदम एकत्र आले, नळात हातोड्यासारखा घाव बसला आणि छतावरील नळ फुटला. सुमारे साडेचौदा टन अमोनिया बाहेर पडला. १५०हून अधिक लोकांना त्याची बाधा झाली आणि ३२ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांतील बहुतेकांचा त्या शीतगृहाशी काहीही संबंध नव्हता. वाऱ्याच्या दिशेला नदीपलीकडे काम करणारी ती माणसे होती. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. आणीबाणीचे बटण दाबून सारा प्लांट बंद करण्याऐवजी कर्मचारी चालू यंत्रणेतच गळतीची जागा तोडण्याचा प्रयत्न करीत राहिले आणि गळती काही तास चालू राहिली. ज्या राज्यात वीज जाणे-येणे हा नित्याचा अनुभव आहे, तेथे पुन्हा चालू करण्याची पायरीवार पद्धत भिंतीवर मराठीत लिहिलेली असावी. लाल बटण मशीनरूमच्या बाहेरही असावे आणि ते दाबल्याबद्दल कोणाचा पगार कापला जाणार नाही, हे रात्रपाळीच्या हेल्परलाही ठाऊक असावे.

परंतु बहुतेक अनर्थांची सुरुवात इतकी नाट्यमय नसते. ‘शेठ, ग्लँडमधून जरा वास येतोय,’ असे ऑपरेटर सांगतो. ‘सीझन होऊ दे, मग बघू,’ असे उत्तर मिळते. चेंबर भरलेली असतात, मिस्त्री लांबून यावयाचा असतो, प्लांट दोन दिवस बंद ठेवला तर मालधनी काय म्हणतील याची धास्ती असते. हे सारे हिशेब खोटे नाहीत. कॅनडातील फर्नी या लहान शहरात बर्फावरील खेळांच्या मैदानाचा हिशेबही असाच होता. आदल्या हंगामाच्या अखेरीस तेथील जुन्या चिलरमध्ये गळती आढळली होती. तरीही नव्या हंगामासाठी तो पुन्हा चालू करण्यात आला. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी अमोनिया फुटून मशीनरूममध्ये पसरला आणि दुरुस्तीसाठी तेथे असलेले तिघे जण मृत्युमुखी पडले.

लहान गळती शोधण्यासाठी जुने ऑपरेटर गंधकाची पेटती काडी फिरवितात. गळतीपाशी दाट पांढरा धूर उमटतो. ओला लिटमस कागद निळा होतो, आणि आगीची वस्तू न आणणारी ती पद्धत अधिक चांगली. कारण बंद खोलीत या वायूचे प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेले की ठिणगीने स्फोटही होऊ शकतो. एग्झॉस्ट पंख्याची कळ दाराबाहेर हवी ती याच कारणाने. पितळ व तांब्याचे तुकडे जोडून नळ दुरुस्त करण्याची सवय पाण्याच्या नळापुरती ठीक. अमोनिया या धातूंना खातो. तसेच, द्रवाने भरलेला नळ दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हमध्ये कोंडून ठेवणे अत्यंत धोक्याचे. ऊन लागताच द्रव फुगतो आणि नळ तडकतो.

मास्क बहुतेक ठिकाणी असतात. कोठे असतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कित्येकदा ते मशीनरूमच्या आतल्या कपाटात कुलूपबंद असतात, म्हणजे जेथे गळती होणार तेथेच. डबीच्या मास्कला मुदत असते, दाट दाढीवर तो घट्ट बसत नाही, आणि दाट वायूत तो उपयोगीही पडत नाही. तेथे पाठीवर हवेची नळकांडी असलेले श्वसनयंत्रच लागते. ते वापरण्याचा सराव नसलेल्याने आत जाऊ नये. ओले फडके तोंडावर धरून बाहेर पळता येते; सोबत्याला आणण्यासाठी ते फडके धरून परत आत जाणारे मात्र स्वतःही आत पडतात. छतावर वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी हवी, म्हणजे ढगाच्या वाटेतून आडवे निघून वाऱ्याच्या उलट बाजूस जाता येते. चेंबरचे दार आतून उघडले पाहिजे, हेही येथेच नमूद करावे. सांडलेल्या द्रवावर पाण्याचा झोत कधी मारू नये. पाण्याच्या उष्णतेने तो अधिक उकळतो. पाण्याचे तुषार मारावयाचे ते हवेतील ढगावर. ते पाणीही ओढ्यात सोडता कामा नये, कारण मासे आणि इतर जलचर त्याने मरतात.

डोळ्यांत वायू गेला असेल तर रुग्णालयात नेण्याआधी, पापण्या उघड्या धरून, किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत. पहिला मिनिट सर्वांत मोलाचा, म्हणून पाण्याची तोटी मशीनरूमच्या दाराशीच असावी. क्षाराला उतारा म्हणून लिंबू वा व्हिनेगर घालू नये. त्याने जखम वाढते. अंगावर द्रव पडून कपडा कातडीला चिकटून गोठला असेल तर तो ओढू नये, आधी पाण्याने सैल करावा. मलम, तूप काही लावू नये. आणि ज्याने हा वायू भरपूर हुंगला आहे, तो तासाभराने ‘बरा आहे’ म्हणाला तरी त्याला घरी पाठवू नये. फुप्फुसांत पाणी भरण्याची क्रिया काही तासांनंतरही सुरू होऊ शकते, म्हणून तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच राहावा.

कायद्याची बाजू व्यापाऱ्याला थोडक्यात सांगितली तरी पुरते. दिल्लीत डिसेंबर १९८५मध्ये ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात २० डिसेंबर १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे तत्त्व घालून दिले, त्यानुसार धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगातून अपाय झाला तर मालकाची जबाबदारी निरपवाद आहे. आपण सर्व काळजी घेतली होती किंवा चूक दुसऱ्याची होती, हा बचाव चालत नाही. भरपाई ठरविताना उद्योगाची ऐपतही पाहिली जाते. पुढे १९९१च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने, ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक धोकादायक पदार्थ ठेवणाऱ्यांना बाहेरच्या लोकांसाठी विमा उतरविणे बंधनकारक केले. शीतगृहातील मालाचा विमा आणि हा विमा एक नव्हेत. आपल्या प्लांटमध्ये किती किलो अमोनिया भरलेला आहे, हा आकडा कित्येक भागीदारांना सांगता येत नाही; विमा सल्लागाराकडे जाण्यापूर्वी तेवढे तरी ऑपरेटरला विचारून घ्यावे.

नवा बेदाणा येण्यापूर्वीचे काही आठवडे चेंबर सर्वांत रिकामी असतात. ग्लँड, गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह यांची तपासणी आणि मास्कच्या डब्या बदलण्याचे काम तेव्हाच उरकता येते. बाहेर पडण्याचा सरावही त्याच दिवसांत घ्यावा, आणि तो रात्रपाळीतील माणसांसह, हमालांसह. भाड्याने जागा घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही करार करण्यापूर्वी मशीनरूमच्या दारापर्यंत एकदा चालत जावे, मास्क कोठे टांगला आहे ते पाहावे आणि शेवटचे तेल कोणी, कोणासोबत काढले ते ऑपरेटरलाच विचारावे.