विश्लेषण : छायाचित्रांचे पुस्तक स्वतःच छापणे परवडते का?

दरवर्षी वारीबरोबर चालणारे, गडकोट पालथे घालणारे, गावच्या जत्रा टिपणारे हौशी छायाचित्रकार कमी नाहीत. त्यांचे काम मात्र मोबाइल आणि हार्ड डिस्कमध्येच राहते. प्रकाशक मिळत नाही आणि पदरमोड करून ५०० प्रती छापल्या तर बहुतेक माळ्यावर धूळ खात पडतात. मागणीनुसार छपाई, म्हणजेच ‘प्रिंट ऑन डिमांड’, हा यावरचा मार्ग सांगितला जातो. तो कोणाला परवडतो?

ही छपाई वेगळी कशी?

ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट बनवावी लागते. हा खर्च एका प्रतीलाही तेवढाच आणि हजार प्रतींनाही तेवढाच. डिजिटल यंत्राला प्लेट लागत नाही, त्यामुळे एकच प्रत छापता येते. २००२ मध्ये लुलू आणि २००५ मध्ये ब्लर्ब या कंपन्या स्थापन झाल्या. त्यातली ब्लर्ब छायाचित्र-पुस्तकांसाठी विशेष ओळखली जाते. भारतात पोथी डॉट कॉम, नोशन प्रेस यांसारख्या सेवा आहेत.

स्वप्रकाशन ही नवी कल्पना आहे का?

नाही. छायाचित्रांचे पहिले पुस्तक मानले जाणारे अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांचे शैवालांवरील पुस्तक १८४३ पासून भागाभागाने निघाले, तेही स्वतःच तयार केलेले. अमेरिकी कलावंत एड रुशे यांनी १९६३ मध्ये पेट्रोल पंपांच्या छायाचित्रांचे पुस्तक स्वतःच काढले. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या ४००. नामवंत छायाचित्रकार स्टीफन शोर यांनी २००३ पासून अ‍ॅपलच्या आयफोटो सेवेतून छोटी पुस्तके छापून घेतली. ती छपाई सेवा अ‍ॅपलने २०१८ मध्ये बंद केली. म्हणून पुस्तकाची मांडणी केवळ कंपनीच्या अ‍ॅपवर न ठेवता अंतिम पीडीएफ स्वतःजवळ ठेवणे शहाणपणाचे.

खर्चाचे गणित काय?

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, ऑफसेटचा पूर्वतयारीचा खर्च दीड लाख रुपये आणि त्यावर प्रत्येक प्रतीला ३०० रुपये लागतात. मागणीनुसार छपाईत पूर्वतयारीचा खर्च नाही, पण प्रत १,५०० रुपयांना पडते. या आकड्यांनुसार १२५ प्रतींवर दोन्हींचा खर्च सारखा होतो. त्याहून कमी प्रतींसाठी डिजिटल स्वस्त, जास्त प्रतींसाठी ऑफसेट. अडचण अशी, की १,५०० रुपयांच्या प्रतीवर थोडा नफा आणि टपालखर्च चढवला की ग्राहक मागे सरतो. त्यामुळे ही पद्धत विक्रीपेक्षा नमुना प्रत, कुटुंबाचा संग्रह किंवा प्रदर्शनासाठी मोजक्या प्रती यांना अधिक सोयीची ठरते.

छपाईत चुकते कुठे?

पडदा प्रकाश फेकतो, कागद तो परावर्तित करतो. मोबाइलवर झळाळणारे छायाचित्र त्यामुळे कागदावर काळपट दिसते. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हवेत. म्हणजे १,६०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फाइल पुस्तकाला कामाच्या नाहीत. मूळ फाइलच वापरावी. दोन पानांवर पसरलेल्या छायाचित्रातला चेहरा शिवणीत गिळला जातो, तेही पाहावे. आधी एकच प्रत मागवून तपासावी. या पद्धतीचा खरा फायदा हाच.

कायदा काय सांगतो?

छायाचित्र काढणारा सहसा त्याचा हक्कदार असतो. परंतु मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, असे कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम १७ सांगते. म्हणजे लग्नाची छायाचित्रे व्यावसायिकाला परस्पर पुस्तकात घालता येणार नाहीत. विक्रीसाठी लागणारा आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. तसेच १९५४ च्या कायद्यानुसार, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत त्याची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवणे ही प्रकाशकाची जबाबदारी आहे. स्वतःच प्रकाशक असाल तर ती तुमची.

मग छापावे की नाही?

विकून पैसे मिळवायचे असतील तर आधी नोंदणी घ्यावी, ग्राहक मोजावेत आणि मगच छपाईची पद्धत ठरवावी. काम टिकावे एवढीच इच्छा असेल, तर हजारो छायाचित्रांतून ६० निवडावीत. संपादक नसल्याने नको ती छायाचित्रे वगळण्याचे काम स्वतःलाच करावे लागते, आणि यंत्र ते करून देत नाही.