बीज कोणाचे?

‘बीज’ हा शब्द शेतापुरता कधीच राहिला नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ रचले. उद्योजक आरंभीच्या रकमेला बीजभांडवल म्हणतो. भाऊबिजेतील बीज मात्र द्वितीयेवरून आली, तिचा पेरणीशी संबंध नाही. या सर्व उपयोगांत एक उपयोग निरुपद्रवी नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुरुष हे बीज आणि स्त्री हे क्षेत्र मानून, दोहोंत बीज श्रेष्ठ ठरविले आहे. हे रूपक संततीवर व मालमत्तेवर पुरुषाचा हक्क कसा प्रस्थापित करते, हे समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ च्या निबंधात दाखविले. वास्तविक बी स्वतःच परागकण आणि बीजांड यांच्या संयोगातून जन्मते; त्यामुळे रूपकाचा आधारच खोटा ठरतो.

मालकीचा हा दावा आज प्रत्यक्ष शेतातही उभा आहे. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून ‘एच-४’ हा संकरित कापूस आला. संकरित वाणांनी उत्पादन वाढविले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशा पिकाचे बी पुढल्या वर्षी पेरले तर गुण विखुरतात, म्हणून शेतकऱ्याला दरसाल दुकान गाठावे लागते. २००२ साली परवानगी मिळालेला बी.टी. कापूसही आपल्याकडे प्रामुख्याने संकरित रूपातच आला. बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेवीचा आणि नाममुद्रेविना विकण्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने दिला आहे. पण राखण्याजोगे बीच हाती नसेल, तर तो हक्क कागदावरच राहणार.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियाणे जतन केल्याबद्दल. ज्यांना शास्त्राने केवळ क्षेत्र म्हटले, त्या स्त्रियांनीच घरोघरी मडक्यांत व कणगीत बीज सांभाळले.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. कृषी विद्यापीठे आणि १९७६ साली स्थापन झालेले ‘महाबीज’ ही सार्वजनिक पैशावर उभी राहिली आहेत. त्यांनी कापसासह सर्व पिकांचे सरळ वाण पुरेशा प्रमाणात पुरविले पाहिजेत. कार्यकर्त्यांनीही केवळ निवेदने देऊन थांबू नये. कलम ३९ गावसभेत वाचून दाखवावे, स्त्रियांच्या पुढाकाराने गावोगावी बीजकोश उभारावेत. खरीप तोंडावर आल्यावर धावाधाव करून हे साधणार नाही. बियाण्याची निवड उभ्या पिकातच करावी लागते.