कमी वजनाच्या बाळाला किती भरवावे?



कळंब-नेरळ भागातल्या एखाद्या घरी दिवस भरण्याआधीच बाळ जन्मते. काचेच्या पेटीतून ते सुखरूप घरी आले, की दादी-नानीपासून सगळ्यांना एकच ध्यास लागतो: याला गुटगुटीत करायचे. ही माया खरी आहे. पण किती आणि केव्हा भरवायचे, हे समजून घ्यायला हवे.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन म्हणजे कमी वजनाचे बाळ. पोटात पोषण अपुरे पडले, की शरीर आधी मेंदूला पुरवते. स्नायू आणि स्वादुपिंडाच्या वाट्याला कमी येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे बारीक होती, पण त्यांच्यात कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती.

याच रुग्णालयाचा आठ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः लहान, पण आठव्या वर्षी वजनदार झालेल्या मुलांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते.

मग मुलाला कमी खाऊ घालायचे का? मुळीच नाही. पहिल्या दोन वर्षांत वाढ भरून निघायलाच हवी; मेंदूला तिची गरज असते. सहा महिने आईचेच दूध आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधे द्यावीत. त्यानंतर दुधाच्या जोडीला मऊ खिचडी, अंडे, काटे काढलेली मासळी, पालेभाजी द्यावी. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाची वाढ दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावी. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्यावी.

पुढे उंचीपेक्षा वजन वेगाने चढू लागले, तर बिस्किटे, फरसाण, गोड सरबते यांना आवर घालावा आणि मुलांना अंगणात मनसोक्त खेळू द्यावे. पाहुणे ‘बारीक दिसतो’ म्हणाले, म्हणून ताटात तुपाचा चमचा वाढवू नये.

जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद जपून ठेवा. मोठेपणी रक्तदाब किंवा साखर तपासताना तो डॉक्टरांना दाखवा. मुलगी असेल, तर तिच्या गरोदरपणात तो नक्की दाखवा. लहान जन्मलेल्या मुलींना त्या काळात साखर वाढण्याचा धोका अधिक असतो.